बीपीची गोळी आणि तिच्या आतला २० तासांचा टायमर

२०१४ मध्ये वोक्हार्ट कंपनीने अमेरिकेच्या बाजारातून बीपीच्या गोळ्यांच्या सुमारे १ लाख १० हजार बाटल्या परत मागवल्या. या गोळ्या आपल्याच शहरात, चिकलठाणा एमआयडीसीत बनलेल्या. औषध होतं मेटोप्रोलॉल सक्सिनेट, एक्स्टेंडेड रिलीज. आणि कारण? गोळ्या 'डिसोल्यूशन टेस्ट'मध्ये नापास झाल्या. म्हणजे गोळी विरघळण्याचा वेग ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत नव्हता.

तुम्ही म्हणाल, गोळी पोटात जाऊन विरघळणारच ना? थोडी लवकर, थोडी उशिरा, त्यात एवढं काय? बीपीच्या औषधांचं अर्धं गणित याच प्रश्नात आहे. ते समजलं की आई-बाबांच्या स्ट्रिपवर ईआर, एक्सएल, एसआर अशी अक्षरं का असतात ते कळतं. आणि "आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी बंद करतो" हे वाक्य धोक्याचं का आहे, तेही कळतं.

बीपी वाढतं कशामुळे?

शेतातली मोटर आणि पाईप डोळ्यांसमोर आणा. मोटर जोरात चालली, पाईपचं तोंड दाबलं किंवा पाणी जास्त झालं, तर पाईपमधला दाब वाढतो. शरीरात मोटर म्हणजे हृदय, पाईप म्हणजे रक्तवाहिन्या आणि पाणी म्हणजे रक्त. १२०/८० मधला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा दाब, तर खालचा दोन ठोक्यांच्या मधला.

हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडधडतं. दाब जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला मेंदू, किडनी आणि डोळ्यांतल्या बारीक वाहिन्यांवर ताण येतो. दुखत काहीच नाही, म्हणून वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही.

गोळ्या नेमकं काय करतात?

ॲम्लोडिपिन: रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना आवळायला कॅल्शियम लागतं. ही गोळी कॅल्शियम आत येण्याचे दरवाजे अडवते. स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंद होते.

टेल्मिसार्टन: किडनीपासून सुरू होणाऱ्या एका साखळीतून अँजिओटेन्सिन नावाचं रसायन तयार होतं. ते वाहिन्यांना "आवळा" असा निरोप देतं. टेल्मिसार्टन हा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. नोटिफिकेशन येतंय, पण ॲपला परमिशनच नाही, असा प्रकार.

क्लोरथॅलिडोन: किडनीला जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं.

मेटोप्रोलॉल: ॲड्रेनलिन हृदयाला "पळ" म्हणून सांगतं. ते ज्या बीटा रिसेप्टरवर काम करतं, ती जागा ही गोळी अडवते. ठोके कमी होतात, मोटर शांत चालते.

या चारही गोळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्या बीपीचं मूळ कारण काढून टाकत नाहीत. औषध शरीरात आहे तोवर दरवाजा अडवलेला असतो. लिव्हर आणि किडनीने औषध संपवलं की सिस्टिम पुन्हा जुन्या सेटिंगवर जाते. म्हणजे नॉर्मल आलेलं रीडिंग बहुतेक वेळा गोळी काम करतेय याचा पुरावा असतो, आजार गेल्याचा नाही.

मग टायमर कुठे आला?

रक्तातलं औषध अर्ध्यावर यायला जो वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात. ॲम्लोडिपिनची हाफ-लाइफ ३० ते ५० तास आहे, टेल्मिसार्टनची साधारण २४ तास. त्यामुळे दिवसाला एक गोळी पुरते. मेटोप्रोलॉलची मात्र फक्त ३ ते ७ तास. साधी गोळी सकाळी घेतली तर रात्रीपर्यंत रक्तात फारसं काही उरत नाही.

यावर उपाय म्हणून गोळीची रचनाच बदलली. या औषधाच्या मूळ ब्रँडच्या गोळीत बारीक बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर वेगळं कोटिंग. त्या कोटिंगमधून औषध जवळजवळ २० तास हळूहळू बाहेर येतं. थोडक्यात, टायमर गोळीच्या आतच बसवलेला आहे.

हा टायमर बरोबर चालतोय का, हे डिसोल्यूशन टेस्टमध्ये बघतात. शरीराच्या तापमानाइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात गोळी टाकतात, आत एक पातं सावकाश फिरत राहतं. ठराविक तासांनी किती औषध बाहेर आलं ते मोजतात. या गोळीसाठी अमेरिकन मानक असं आहे: पहिल्या तासात २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि २० तासांत किमान ८० टक्के बाहेर आलंच पाहिजे.

औषध लवकर सुटलं तर दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो: ठोके फार कमी होणं, चक्कर येणं. फार हळू सुटलं तर पुरेसं औषधच मिळत नाही. गोळीतलं औषध वजनाने अचूक असलं तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. म्हणूनच एवढ्या बाटल्या परत गेल्या.

घरात काय लक्षात ठेवायचं?

१. ईआर, एक्सएल, एसआर लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून देऊ नका. गिळायला त्रास होतो म्हणून घरोघरी हे होतं, पण त्यात टायमरच फुटतो. काही गोळ्या मधल्या रेषेवर अर्ध्या करता येतात, काही अजिबात नाही. डॉक्टर किंवा मेडिकलवाल्याला विचारूनच ठरवा.

२. मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक बंद करू नका. अनेक दिवस रिसेप्टर अडवलेले असले की शरीर त्यांची संख्या वाढवतं. गोळी एकदम थांबली की ॲड्रेनलिनला सगळे दरवाजे उघडे मिळतात. ठोके आणि बीपी उसळतात, हृदयरोग असेल तर छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकचाही धोका. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

३. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम नको.

४. सकाळी गोळी घेण्याआधी घरच्या मशीनवर रीडिंग घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. कालच्या गोळीचा असर २४ तास टिकला का, हे त्या आकड्यावरून डॉक्टरांना कळतं.

सरकारलाही हीच अडचण येते. भारतात २०१७ पासून सुरू झालेल्या हायपरटेन्शन कंट्रोल उपक्रमात महाराष्ट्र सुरुवातीपासून आहे. त्यात 'सिंपल' नावाचं मोफत अँड्रॉइड ॲप वापरतात. त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे तारीख उलटूनही न आलेल्या पेशंटची यादी, म्हणजे नर्सताई त्यांना फोन करू शकतात.

तुमच्या घरात हे काम तुम्ही करू शकता. आज आई-बाबांची स्ट्रिप हातात घ्या, नावापुढची अक्षरं वाचा आणि गोळी कशी घेतात ते एकदा विचारा. शंका आली तर स्ट्रिपचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बदल करू नका.