परदेशाहून सामान : बरोबर आणावे की मागून पाठवावे?

उमरा करून, आखातातल्या मुलाला भेटून किंवा मालाची चौकशी करायला इस्तंबूलला जाऊन परत निघताना बहुतेकांवर एकच पाळी येते. विमानतळावर बॅग काट्यावर चढते आणि सात-आठ किलो जादा भरते. मग तिथेच बॅग उघडून खजूर, ब्लँकेट बाहेर काढा, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरा. ऐनवेळी भरलेले हे पैसे बहुधा वस्तूच्या किमतीपेक्षा जड होतात.

म्हणून पुष्कळ लोक सामान कार्गोने मागून पाठवतात. पद्धत नवी नाही. १९९५ पर्यंत हाजी लोक मुंबईहून जहाजाने जात होते, तेव्हा पेट्याच्या पेट्या जहाजातूनच येत. आज जहाज फक्त मालाचे राहिले, माणूस विमानाने येतो. माणूस आणि माल वेगळे झाले, तिथेच खरा हिशेब सुरू होतो.

कस्टमच्या भाषेत मागून येणाऱ्या सामानाला ‘अनअकंपनीड बॅगेज’ म्हणतात. बॅगेज नियमांप्रमाणे हे सामान परदेशात तुमच्या ताब्यात असलेले पाहिजे आणि तुम्ही भारतात पोचल्यापासून एक महिन्याच्या आत तिकडून रवाना झाले पाहिजे. तुमच्या आधी आले तर जास्तीत जास्त दोन महिने आधी. पण खरी मेख पुढे आहे. प्रवाशाला मिळणारी ड्युटीमाफीची रक्कम या सामानाला लागू नाही. वापरलेले कपडे, अंथरूण-पांघरूण अशा स्वतःच्या वापरातल्या जुन्या वस्तू तेवढ्या माफ. नव्या वस्तूवर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. २०,००० रुपयांचे नवे कापड बॅगेत घालून बरोबर आणले तर माफीत बसून जाईल. तेच खोक्यातून मागवले तर ७,७०० रुपये भरावे लागतील. हे दर आणि मर्यादा सरकार बदलत असते, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट भाड्याची. हवाई कार्गोत नुसते वजन पाहत नाहीत, आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. कुरियरवाले बहुधा ५,००० ने. ६०×४५×४५ चे खोके घ्या. त्यात दहा किलोची ब्लँकेटे असली तरी हवाई कार्गोवाला सव्वावीस किलोचे भाडे लावील, कुरियरवाला चोवीस किलोच्या वर. आपल्या कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल: गच्च बांधलेले सुटिंगचे तागे जागा थोडी खातात, वजन जास्त देतात, रजई-ब्लँकेटचे उलटे. समुद्रमार्गे भाडे घनमीटरवर असते आणि अशी आठ खोकी मिळून साधारण एक घनमीटर होतो. फुगीर आणि जुने सामान जहाजाने, जड पण नवे आणि किमती सामान स्वतःच्या बॅगेत, असा माझा कल आहे.

जहाजाच्या स्वस्त भाड्यावर भुलू नये. माल बंदरावर उतरला की गोदामाचे, डिलिव्हरी ऑर्डरचे, क्लिअरिंग एजंटचे असे वेगळे खर्च निघतात आणि कागद अपुरे असले तर डेमरेज दिवसागणिक चढते. दोन खोक्यांसाठी हे सगळे परवडत नाही. नोकरी संपवून संसार गुंडाळून येणाऱ्याला परवडते.

आखातात घरपोच कार्गोवाले किलोमागे ‘कस्टमसह’ दर सांगतात. मला हा प्रकार फारसा पसंत नाही. पूर्वी त्यातला बराच माल भेटवस्तू म्हणून येई, २०,००० रुपयांपर्यंत माफी होती. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर ती गेली आणि डिसेंबर २०१९ पासून राखी व जीवरक्षक औषधे सोडून भेटवस्तूंना ड्युटी भरल्याशिवाय येता येत नाही. तेव्हा माल कोणाच्या नावावर, कोणत्या सदरात येणार, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

आपल्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट मुळीच करू नये. विक्रीचा माल घरगुती सामान म्हणून पाठवू नये. एकाच डिझाइनचे पन्नास पीस पाहून अधिकारी काय समजायचे ते समजतो. माल जप्त होऊ शकतो, वर दंड. विक्रीच्या मालासाठी आयात-निर्यात कोड काढून रीतसर बिल ऑफ एंट्री भरावी. कोड काढणे आता ऑनलाइन होते, अवघड राहिलेले नाही.

खोके भरताना यादी दोन प्रतींत करावी, जुने काय नवे काय ते वेगळे लिहावे, नव्या वस्तूंची बिले बरोबर ठेवावीत. दुसऱ्याचे बंद पाकीट, मग ते नात्यातले का असेना, न उघडता आत टाकू नये. कागदावर नाव तुमचे असते. स्पिरिटचे अत्तर आणि पॉवर बँक कार्गोवाल्याला सांगितल्याशिवाय भरू नये. पासपोर्टची प्रत, आगमनाच्या शिक्क्याचे पान, एअरवे बिल किंवा बिल ऑफ लेडिंग आणि किल्ल्या हातातल्या पिशवीत असाव्यात. पुष्कळांच्या किल्ल्या खोक्यातच राहतात.