क्वीनची 'मॅजिक टूर' : एका दृष्टिक्षेपात

चाहत्यांच्या आठवणीतला दौरा, १९८६

- कालावधी : ७ जून ते ९ ऑगस्ट १९८६. स्टॉकहोमपासून नेबवर्थपर्यंत युरोपात २६ मैफिली.
- निमित्त : जूनमध्ये आलेला 'अ काइंड ऑफ मॅजिक' हा अल्बम.
- कलाकार : फ्रेडी मर्क्युरी (गायन, पियानो), ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (ड्रम्स), जॉन डीकन (बेस गिटार). साथीला कीबोर्डवर स्पाइक एडनी.
- वेम्बली, लंडन : ११ आणि १२ जुलै. ते जुने स्टेडियम आता पाडले गेले आहे. त्याच जागी २००७ मध्ये नवे सुरू झाले.
- बुडापेस्ट : २७ जुलै. हंगेरीत तेव्हा साम्यवादी राजवट होती. मर्क्युरीने तळहातावर शब्द लिहून हंगेरियन लोकगीत गायले.
- नेबवर्थ : ९ ऑगस्ट. लाखाहून अधिक श्रोते. चौघांची एकत्र अशी ही शेवटची मैफील. मर्क्युरीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले.
- गल्लत नको : 'लाइव्ह एड' हा वेम्बलीवरचाच, पण १३ जुलै १९८५ चा मदतनिधी कार्यक्रम. त्यात क्वीनला सुमारे २० मिनिटे मिळाली. 'मॅजिक टूर'मध्ये पूर्ण मैफिली झाल्या.
- ध्वनिमुद्रणे : 'लाइव्ह मॅजिक' (डिसेंबर १९८६) : दौऱ्यातील निवडक गाणी, काही कापून लहान केलेली. 'लाइव्ह ॲट वेम्बली ८६' (१९९२) : १२ जुलैची मैफील.
- महाराष्ट्राशी नाते : मर्क्युरीचे मूळ नाव फारुख बलसारा, कुटुंब पारशी. शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तिथलाच.