गंजलेली बंदूक सापडली तर…

शीर्षक वाचून हसू नका. "आपल्याला कपाटात मोज्याचा दुसरा जोड सापडत नाही, तिथे बंदूक कुठून सापडणार?" असं माझी रूममेट म्हणाली. पण जरा विचार करा. आपल्यापैकी सिव्हिलवाले सर्व्हेला रानात जातात, अर्धं कॉलेज दर पावसाळ्यात गडकिल्ल्यांवर असतं, आणि कित्येकांच्या गावी आजही जुना वाडा किंवा कौलारू घर आहे. अशा ठिकाणी काहीही निघू शकतं. यंदाच्या एन.एस.एस. शिबिरात आमच्या डोळ्यांदेखत निघालं, म्हणून हा लेख.

नेमकं काय झालं?

सात दिवसांचं शिबिर होतं. गावातल्या जुन्या चावडीचा माळा साफ करायचं काम आमच्या गटाकडे आलं. कौलांच्या ढिगामागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक दिसलं. उलगडलं तर बंदूक! लाकडी दस्त्याला वाळवी लागलेली, नळीवर लाल-तपकिरी गंजाचे पोपडे. आमचा एक मित्र लगेच ती खांद्याला लावून "फोटो काढ, फोटो काढ" करू लागला. दुसऱ्याचं म्हणणं, "पॉलिश पेपरने घासू, होस्टेलच्या कॉमन रूममध्ये लावू, एकदम रॉयल!"

तेवढ्यात खालून एक आजोबा ओरडले, "ठेव रं पोरा ती खाली! तोंड भिताडाकडं कर. भरल्याली असंल." आम्ही सगळे हसलो. इतक्या वर्षांनी काय भरलेली असणार? पण सरांनी ताबडतोब सगळ्यांना खाली उतरवलं आणि पोलिसांना फोन केला. दुपारी पोलिसांबरोबर त्यांच्या शस्त्रागारातले एक अनुभवी जमादार आले. त्यांनी नळीच्या तोंडातून हळूच एक लाकडी काठी आत सोडली, ती अडली तिथे खूण केली आणि मग तीच काठी नळीला बाहेरून लावून दाखवली. काठी बुडापर्यंत पोचलीच नव्हती. चार बोटं आधीच थांबली होती. म्हणजे आत काहीतरी ठासलेलं होतं! त्यानंतर कोणी हसलं नाही.

गंज म्हणजे सुरक्षित नव्हे

आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं असतं: गंजलं म्हणजे मेलं. मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून मला हे समीकरण तपासून बघावंसं वाटलं.

आमच्याकडे निघाली ती ठासणीची बंदूक. हिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, आणि हे सगळं गजाने ठासायचं. ही काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक यांचं मिश्रण. यातला एकही पदार्थ कोरड्या जागी नुसता पडून 'शिळा' होत नाही. नळी बाहेरून गंजली तरी आतली दारू कोरडी राहिली, तर ती शंभर वर्षांनीही पेटू शकते.

हे पुस्तकी बोलणं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातल्या 'हुसार' या ब्रिटिश जहाजावरची एक तोफ कित्येक वर्षं प्रदर्शनात ठेवलेली होती. जानेवारी २०१३ मध्ये तिचा गंज साफ करताना कामगारांच्या लक्षात आलं, की आत गोळा आहे आणि त्यामागे सुमारे आठशे ग्रॅम दारूही आहे! तिथे सुदैवाने कोणाला काही झालं नाही. पण २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात जुने तोफगोळे जमवणाऱ्या एका अनुभवी माणसाचा, अमेरिकन यादवी युद्धातला गोळा साफ करताना स्फोट होऊन मृत्यू झाला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा होता.

आता बाकीचे भाग बघू. बंदुकीचा घोडा अर्धा उचललेल्या स्थितीत अडकला असेल, तर त्यामागची स्प्रिंग इतकी वर्षं दाबलेलीच असते. तिला धरून ठेवणारी खाच गंजाने खाल्लेली असते. तुम्ही तेल सोडलंत, दोन ठोके मारलेत, की घोडा कधी सुटेल याचा नेम नाही. घोड्याखाली जुनी टोपी राहिली असेल तर आणखी वाईट. जुन्या टोप्यांमध्ये मर्क्युरी फुल्मिनेट असायचं, आणि ते नुसत्या घर्षणानेही भडकतं.

राहिली नळी. सेकंड इयरचं थिन सिलिंडरचं सूत्र आठवा: हूप स्ट्रेस म्हणजे पी डी भागिले टू टी. गंजाने जाडी अर्धी झाली की ताण दुप्पट. शिवाय गंज सगळीकडे सारखा लागत नाही, खड्डे पाडतो, आणि प्रत्येक खड्ड्यापाशी ताण एकवटतो. म्हणून "एकदा उडवून तर बघू" म्हणणाऱ्याच्या हातातच नळी फाटण्याची शक्यता जास्त.

कायदा काय म्हणतो?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'पंचनामा', 'ताबा', 'परवाना' हे शब्द मला सिनेमातूनच माहीत होते. शिबिराहून आल्यावर लायब्ररीत बसून थोडं वाचलं, ते सोप्या भाषेत सांगते.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. आणि 'बंदूक' यात तिचे सुटे भागही येतात, त्यामुळे "नुसती नळीच घेतोय" ही पळवाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना ताब्यासाठी साधारणपणे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे.

"पण जुन्या वस्तूंना सूट असते ना?" असते, कलम ४५ मध्ये. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र या कायद्यातून वगळलं आहे; मात्र ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. खरी मेख 'दुरुस्त करून' या शब्दांत आहे. आज उडत नाही, पण लोहाराने स्प्रिंग बदलली तर उडेल, अशी बंदूक सुटीत बसत नाही. आणि हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, होस्टेलची कॉमन रूम नाही!

मग सापडणं हाच गुन्हा का? नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की ताबा म्हणायचा तर त्यात जाणीव हवी. माळ्यावर काय पडलंय हे माहीतच नसेल तर तो ताबा नव्हे. पण माहीत झाल्यावर ती वस्तू गुपचूप कॉटखाली सरकवली, तर जाणीव आलीच. म्हणजे प्रश्न सापडण्याचा नाही, सापडल्यावरच्या आपल्या वागण्याचा आहे.

मग करायचं काय?

१. हात लावू नका. हातात घेतलीच असेल, तर चापाला बोट न लावता, तोंड माणसांकडे न करता, आहे तिथेच हळूच ठेवा आणि पुन्हा उचलू नका.

२. घासणं, तेल सोडणं, घोडा ओढून बघणं, नळीत डोकावणं सगळं बंद. काठीचा प्रयोगसुद्धा जमादारांसारख्या जाणकारानेच करावा.

३. सगळ्यांना लांब करा, विशेषतः लहान मुलांना. एक जण नजर ठेवायला थांबा.

४. लांबूनच जागेचे दोन फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. फोटो पोलिसांसाठी आहेत, व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाहीत.

५. ११२ ला फोन करा. कॅम्पसमध्ये असाल तर रेक्टर सरांना किंवा मॅडमना लगेच कळवा. गावात असाल तर पोलीस पाटलांनाही सांगा.

६. बंदूक बाईकवर घालून स्वतः पोलीस चौकीत नेऊ नका. वाटेत नाकाबंदी लागली तर तुमचा चांगला हेतू कपाळावर लिहिलेला नसतो! शिवाय हादरे बसतात ते वेगळंच.

७. पोलीस पंचनामा करतील. कोणाला, कधी, कुठे सापडली ते खरं सांगा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या सरांनी पोच घेऊन शिबिराच्या फाइलला लावली.

गोळा, हातबॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर आणखी लांब जा. ते काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचं.

जमिनीत पुरलेलं निघालं तर आणखी एक कायदा लागतो, भारतीय निखात निधी अधिनियम १८७८. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. (हो, दहाच रुपये!) आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते. तिचा गंज कसा आणि किती काढायचा हे संग्रहालयातले लोक जाणतात. आपण सँडपेपर मारला, की नळीवरची अक्षरं आणि खुणा कायमच्या गेल्या.

घरातलीच असेल तर?

कोकणातल्या मित्रांना हे जवळचं वाटेल. तिकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याच्या बंदुका घरोघरी ऐकू येतात, निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. आजोबा गेले, की त्यांच्या परवान्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे.

मला कळतं, घरातली बंदूक म्हणजे नुसतं लोखंड नसतं. दसऱ्याला तिची पूजा झालेली असते. कोणाच्या तरी आजीला ती देताना रडू येईल. पण आठवणीपायी ती विहिरीत टाकणं किंवा भंगारवाल्याला देणं हा उपाय नव्हे. विहिरीतली पुढच्या पिढीच्या कोणाला तरी सापडणार, आणि भंगारवाला तर तिच्यावर थेट हातोडाच चालवणार.

आमच्या मित्राने बंदूक खांद्याला लावली, तेव्हा नळीसमोर आम्ही पाच जणी उभ्या होतो. फोटो छान येईल म्हणून! ते आजोबा शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण थिन सिलिंडरचं सूत्र येणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. पुढच्या शिबिराला जाणाऱ्या ज्युनिअर्सनी फावडी-घमेली मोजून घेण्याआधी वरचे सात मुद्दे एकदा वाचून जावेत, एवढीच विनंती.