विंधन छिद्रातून खडकाची पारख

मालवणच्या किनारपट्टीत विंधन विहीर घेताना बहुधा प्रथम जांभा लागतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याखाली ग्रॅनाइटवर्गीय कठीण खडक. अशा खडकाच्या अंगी पाणी नसते. ते त्याच्या भेगांत असते. म्हणून भेग लागली की ग्रामस्थांना समाधान वाटते. किरणोत्सारी कचऱ्यासाठी खडक पारखणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र याच्या नेमके उलट, भेगा नसलेला खडक हवा असतो.

अणुइंधनावरील प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी द्रव तारापूर व तुर्भे येथे काचेत बद्ध केला जातो. यांतील काही द्रव्ये हजारो वर्षे घातक राहतात. ती मानवी वस्तीपर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग म्हणजे भूजल. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो येथे सुमारे ४०० मीटरहून अधिक खोल कठीण खडकात भुयारे खोदण्यात आली, ती याच विचाराने.

खडकाची परीक्षा करण्यासाठी विंधन छिद्रात केबलला बांधून उपकरणे सोडली जातात. खाऱ्या पाण्याने भरलेल्या भेगेपाशी विद्युत रोध घटतो. परंतु चिकणमातीनेही तो घटतो. तेव्हा गॅमा किरणांच्या नोंदीशी तो ताडून पाहावा लागतो. भग्न खडकात ध्वनिलहरी मंदावतात. पाण्याच्या तापमानातील बदलावरून ते कोठून आत शिरते, याचा अंदाज येतो. सर्व नोंदी एकत्र वाचल्यावरच निष्कर्ष काढता येतो.

महाराष्ट्रात या शास्त्राचा मोठा प्रयोग झाला तो कोयना परिसरात, भूकंपाच्या अभ्यासासाठी. १९६७ च्या भूकंपानंतर तेथे धक्के होत राहिले. त्यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १,२४७ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर ग्रॅनाइटवर्गीय पायाभूत खडक लागला. वरून अभेद्य भासणाऱ्या भूमीच्या पोटातील रचना अशा रीतीने प्रत्यक्ष मोजता आली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. उभे छिद्र उभ्या भेगेला चुकवू शकते. म्हणून तिरकी छिद्रेही घ्यावी लागतात. शिवाय प्रत्येक छिद्र ही पाण्याला मिळालेली नवी वाट असते. काम संपताच ते काळजीपूर्वक बुजवणे अगत्याचे ठरते. खाडीकाठच्या गावांनाही हाच नियम लागू आहे, कारण निकामी, उघडी विंधन विहीर खारे पाणी गोड्या पाण्यापर्यंत नेऊ शकते. विहीर घेताना कोणत्या खोलीवर कोणता खडक व पाणी लागले, याची नोंद ग्रामपंचायतींनी जपून ठेवल्यास ती पुढील पिढ्यांच्याही उपयोगी पडेल.