शेक आणि किमो चालू असताना कातडी सांभाळा

कर्करोगाचे निदान झाले की सारे घर औषधे, पैसे आणि मोठ्या दवाखान्याच्या फेऱ्या यांच्या काळजीत बुडून जाते. अशा वेळी कातडीकडे कोण लक्ष देणार? पण राजूर परिसरातून नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण सुट्टीला घरी आले की माझ्याकडे ज्या तक्रारी आणतात, त्यांत कातडीच्या तक्रारी पुष्कळ असतात. मानेची कातडी सोलली, काखेत ओल सुटली, तळहात भाजल्यासारखे झाले. त्रास असह्य झाला की रुग्ण उपचारच सोडून घरी बसतो. खरा धोका तेथे आहे.

त्रास उशिरा का दिसतो?

किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. तो बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असा ३ ते ७ आठवडे चालतो. आपल्या कातडीच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात आणि वरच्या जुन्या झडून जात असतात. हे चक्र साधारण महिनाभराचे असते. किरणांनी तळाचा थर दुखावला तरी वरची कातडी काही दिवस शाबूत दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोरडेपणा, खाज आणि लाली सुरू होते. सावळ्या कातडीवर ही लाली काळसर डागासारखी दिसते. काहींची कातडी ओली होऊन सोलते. शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढतो आणि मग हळूहळू भरून येतो.

म्हणूनच दोन ठिकाणी निगा सुटते. पहिल्या आठवड्यात ‘मला काही होत नाही’ म्हणून, आणि शेवटच्या दिवशी ‘आता शेक संपला’ म्हणून. निगा पहिल्या दिवसापासून सुरू करावी आणि शेक संपल्यावर निदान महिनाभर चालू ठेवावी.

तोंड व घशाच्या कर्करोगात शेकाचा कालावधी लांबला तर दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने घटते, असे तज्ज्ञ मानतात. मानेची कातडी सांभाळणे म्हणजे उपचार सांभाळणेच होय.

पाणी लावावे की नाही?

‘शेकाच्या जागी पाण्याचा थेंब लागू देऊ नका’ हे आजही गावोगाव ऐकू येते. ब्रिटनमध्ये १९९२ साली आणि कॅनडात २००१ साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर याची पाहणी प्रसिद्ध झाली. जागा हळुवार धुणाऱ्या स्त्रियांना त्रास वाढला नाही, उलट कमीच झाला. आमच्या भागातल्या एका वाडीवरच्या बाईने तीन आठवडे छातीला पाणी लावले नव्हते. घाम साचून घडीत जखम झाली होती. रोज धुणे आणि सैल कपडे एवढ्यावरच तिला आराम पडू लागला.

तेव्हा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण वापरा. घासू नका, मऊ सुती फडक्याने टिपून घ्या. शेकासाठी काढलेल्या खुणा मात्र पुसू नका. नंतर बिनवासाचे मलम पातळसर लावा. कोणते आणि केव्हा, हे शेकाच्या विभागातच विचारून घ्या. मानेवर शेक असेल तर मंगळसूत्र, काळा दोरा, कडक कॉलर आणि वस्तऱ्याची दाढी बंद. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा कपडा उत्तम. शेतात जाताना ती जागा पदराने वा उपरण्याने झाकावी. बिब्बा, चुना, राख, झाडपाल्याचा लेप, गरम पाण्याची पिशवी, बर्फ, चिकटपट्टी यांपैकी काहीही त्या जागेवर नको. फोड आला तर फोडू नये.

किमोच्या गोळ्या आणि हातपाय

कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, सोलतात. उष्णता आणि घर्षण यांनी हे वाढते. भाकरी थापणे, गरम तवा धरणे, कुदळ चालवणे, आवणीत दिवसभर चिखलात उभे राहणे ही कामे तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्याने करावीत. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा अनवाणी चिखलात जाणे आणखी धोक्याचे. हातापायांना रोज दोनदा मलम लावावे, पायतण सैल वापरावे.

नवी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये या गोळ्या घेणाऱ्या २६४ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. हातांना दिवसातून दोनदा डायक्लोफेनॅकचे १ टक्क्याचे जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के रुग्णांना मध्यम वा तीव्र त्रास झाला. औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. हे जेल स्वस्त आहे, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे आणि शेकाच्या जागी लावू नये.

नियम पाळला जावा कसा?

रुग्ण आळशी असतो म्हणून निगा सुटत नाही. तो थकलेला असतो, मळमळत असते, मन उदास असते. त्याला दहा सूचना एकदम सांगून उपयोग नाही. आंघोळीनंतर एकदा आणि दिवेलागणीला एकदा, अशा दोनच वेळा ठरवा. लावले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारा. घरातल्या एकाच माणसाने ही जबाबदारी घ्यावी. पाठ आणि मानेची मागची बाजू रुग्णाला दिसत नाही, ती त्यानेच रोज उजेडात पाहावी. मुंबईत धर्मशाळेत राहणाऱ्यांनी मलम आणि मऊ फडके वेगळ्या पिशवीत ठेवावे, म्हणजे शनिवार-रविवारी गावी येताना विसरत नाही. महागडे मलम परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. साधे व्हॅसलीन चालेल का, हे विचारण्यात लाज कसली? अर्धी नळी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा ते बरे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, जखमेतून पू, पसरणारी सूज, किंवा चालता-जेवता येणार नाही इतकी आग, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचा दवाखाना गाठा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांचा डोस कमी करायचा की शेक दोन दिवस थांबवायचा, हे ते ठरवतील. आपल्या मनाने उपचार मात्र थांबवू नका.