जुन्या मोटारीतील डुलणारी सीट
वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी असो किंवा तिच्या पिढीतील दुसरी मोटार, मागे झुकणाऱ्या सीटची पाठ डुलू लागली की दोष रिक्लायनरवर, म्हणजे दातेरी चकती व तिच्यात स्प्रिंगच्या जोराने अडकणारा खटका यांच्या जोडणीवर, ठेवला जातो; वस्तुतः आधी तळाचे बोल्ट आणि सीट सरकवणारी पट्टी तपासावी. तेथे सर्व घट्ट असल्यास बिजागरीतील बुश, म्हणजे खिळीभोवतीचे झिजणारे कडे, बदलावे. दाते झिजले असतील तर मात्र ते वेल्डिंगने भरून घेण्यापेक्षा संपूर्ण रिक्लायनरच बदलणे श्रेयस्कर, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि मागून धडक बसल्यास बसलेल्याचा भार त्याच सांध्यावर येतो.