पांघरुणाचा एक चौकोन

गोधडी शिवणारी स्त्री चिंध्यांचें गांठोडें सोडते आणि जो तुकडा मोठा असेल त्यास कात्री लावते, जो लहान असेल त्यास दुसरा जोडते. लोकरीचे चौकोन विणून त्यांचें पांघरूण करणारास ही सवलत नाहीं. विणलेल्या तुकड्यास कात्री लागली कीं टाके सुटूं लागतात आणि कित्येक तासांचे श्रम उसवून जातात. म्हणून येथें प्रत्येक चौकोन सुईवरच मापाचा उतरला पाहिजे. हें कसें साधावें, आणि तें साधून त्यांत निरनिराळे रंग व उठावाची वीण कशी आणावी, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यास टाके घालतां येतात व सुलट टाका विणतां येतो, अशा कोणत्याहि विद्यार्थ्यास अगर विद्यार्थिनीस हें काम जमेल.

रंगीत वीण म्हटली म्हणजे एकाच ओळींत दोन-तीन धागे खेळवावे लागतात, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि त्या गुंत्याच्या भीतीनें ते कामास हातच घालीत नाहींत. परंतु याहून सोपी एक रीत आहे. तींत एका वेळीं एकच रंग हातांत असतो. खालच्या ओळींतील कांहीं टाके न विणतां डाव्या सुईवरून उजव्या सुईवर नुसते उचलून घ्यावयाचे. असा टाका ताणला जाऊन वरच्या रंगांत एखाद्या लांबट थेंबासारखा चढतो, व पाहणारास वाटतें कीं दोन रंग एकाच ओळींत विणले आहेत. शिवाय हा ताणलेला टाका वरखालच्या ओळी एकमेकींजवळ ओढतो. त्यामुळें वीण दाट व उंचसखल होते आणि तिच्या खाचांतून हवा कोंडून राहते. लोकरीची ऊब बव्हंशीं या कोंडलेल्या हवेचीच असते. म्हणजे हा उठाव केवळ शोभेचा नव्हे.

मात्र ही ओढच मापाचा घात करते. साध्या विणीवरून टाक्यांचा हिशेब केला तर तो येथें चुकतो. यास्तव जी वीण घालावयाची तिचाच सहा इंचांचा एक नमुना प्रथम विणावा, तो भिजवून वाळवावा, आणि कडा सोडून मधल्या चार इंचांतील टाके मोजावे. समजा, ते वीस भरले. तर आठ इंचांस चाळीस टाके हवेत. आपल्या विणीस चारच्या पटींत तीन अधिक इतके टाके लागतात, म्हणून चाळीसच्या जवळचा ३९ हा आंकडा घ्यावा. पुढील कृति त्या हिशेबाची आहे.

तीन रंगांची एकाच जातीची लोकर घ्यावी. पहिल्या रंगानें ३९ टाके घालून एक ओळ सुलट विणावी. ही उलट बाजूची ओळ होय. आतां दुसरा रंग घेऊन पहिली ओळ: तीन टाके सुलट, एक टाका उचलावा, पुन्हां तीन सुलट, असें शेवटपर्यंत. टाका उचलतांना उलट टाक्याप्रमाणें सुई घालावी, म्हणजे त्यास पीळ पडत नाहीं, आणि धागा मागें ठेवावा. दुसरी ओळ त्याच रंगानें, तशीच. फक्त टाका उचलण्यापूर्वीं धागा पुढें आणावा व उचलल्यावर मागें न्यावा. अशा रीतीनें उचललेल्या टाक्यावरून जाणारा धागा नेहमीं उलट बाजूसच राहतो. तिसरी ओळ तिसऱ्या रंगानें: एक सुलट, मग एक उचलून तीन सुलट असें करीत जावें, व शेवटीं एक उचलून एक सुलट विणावा. चौथी ओळ तिसरीसारखी. धागा दुसऱ्या ओळींत सांगितल्याप्रमाणें पुढेंमागें करावा. यापुढें याच चार ओळी फिरून फिरून विणाव्या, आणि दर दोन ओळींस रंग क्रमानें बदलावा.

दोन-दोन ओळींनीं रंग बदलण्याचें कारण असें कीं प्रत्येक धागा परत त्याच कडेस येऊन थांबतो. तो तोडावा लागत नाहीं. विणीचा फेरा चार ओळींचा व रंगांचा सहा ओळींचा. म्हणून मूळ नक्षी पुन्हां बाराव्या ओळीनंतर सुरू होते. वर्गांत शिकलेला लघुतम साधारण विभाज्य येथें प्रत्यक्ष डोळ्यांस दिसतो.

रंग निवडतांना एक गडद, एक मध्यम व एक फिका असा घ्यावा. तांबडा व हिरवा सारखेच गडद असले तर दुरून नक्षी बुजून जाते. डोळे अर्धवट मिटून गुंड्यांकडे पाहिलें कीं हा भेद तत्काळ कळतो. गडद लोकरीचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यांत दाबून पाहावा. रंग सुटत असेल तर ती लोकर वापरूं नये. खरी लोकर व कृत्रिम धागा यांचीहि मिसळ करूं नये, कारण ऊन पाण्यांत खरी लोकर आटते, कृत्रिम धागा आटत नाहीं, आणि चौकोन वेडावांकडा होतो.

उंची रुंदीइतकी झाली कीं टाके सैल हातानें बंद करावे. मग चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरपा दुमडावा. कडा एकमेकींवर बरोबर बसल्या तर तो खरा चौरस. तो ओला करून टाचण्यांनीं आठ इंचांवर ताणून सावलींत वाळवावा. असे सहा आडवे व आठ उभे, म्हणजे ४८ चौकोन जोडले कीं चार फूट रुंद व पांच फूट चार इंच लांब असें पांघरूण होतें. एका ओळींतील सहाहि चौकोन अर्धा-अर्धा इंच कमी पडले तर ती ओळ तीन इंचांनीं आंखडते, व शेजारच्या ओळीस चुण्या घालाव्या लागतात.

बार्बरा वॉकर या अमेरिकन विदुषीनें १९७४ सालीं नवशिक्यांकरितां एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत ६३ चौकोन असून प्रत्येक चौकोन हा विणकामाचा एक निराळा धडा आहे. सर्व धडे संपले कीं शिकणाराजवळ पांघरूण तयार. आमच्या वाचकांपैकीं कांहींजणांनीं मिळून असें काम हातीं घेतलें तर एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. घट्ट हाताच्यानें जाड सुया घ्याव्या, सैल हाताच्यानें बारीक. नमुना मात्र प्रत्येकानें आपला आपण विणून मोजावा. सर्वांच्या सुया सारख्या असण्याचें कारण नाहीं. सर्वांचे आठ इंच सारखे असले म्हणजे झालें. थंडींत तें पांघरूण जो घेईल, त्यास कोणता चौकोन कोणाचा हें कळण्याची गरज उरत नाहीं.